गव्हाला बंदी असलेलं घर

गणपतीच्या प्रसादाला ‘रिजेक्ट’ म्हणणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. तो माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि रिजेक्ट झालेला शिरा मी केलेला होता.

बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं मिळून गणपती बसवतात. त्या वर्षी शिऱ्याची पाळी माझ्यावर आली होती. सबनीसकाका रांगेतून पुढे आले, बाप्पाला वाकून नमस्कार केला आणि तेवढंच वाकून पातेल्यात पाहिलं.

“रवा?”

“रवा, काका. शिरा आहे.”

“रवा म्हणजे गहूच की. रिजेक्ट.” आणि शेजारच्या ताटातला उकडीचा मोदक उचलून म्हणाले, “बाप्पाला कळतं, सुनीताताई. त्यांनी स्वतःसाठी तांदळाचं ठेवलंय.”

सगळे खो खो हसले. मी हसले नाही. तासभर हात दुखेपर्यंत रवा भाजलेल्या बाईला अशा वेळी विनोद कळत नाही.

सबनीसकाका सत्तरी ओलांडलेले, अंगानं किडकिडीत, घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालणारे. मूळचे साताऱ्याचे. सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी कारखान्यात, निरीक्षण विभागात झाली. यंत्राचा भाग समोर आला की मोजायचा आणि ‘पास’ नाहीतर ‘रिजेक्ट’चा शिक्का मारायचा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं त्यांना शाल दिली, नारळ दिला, पण तो शिक्का काढून घ्यायचं राहून गेलं. आता तो शिक्का ते आमच्यावर मारत असतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, भिंग असतं. कोणाच्याही हातात कसलंही पाकीट दिसलं की काका म्हणणार, “मागची बाजू बघा.” बिस्किटं असोत, सॉस असो, पापड असोत. “पुढच्या बाजूला सगळे हसरेच असतात हो. मागची बाजू बघा.” सुपरमार्केटमध्ये ते मसाल्यांच्या फळीसमोर भिंग लावून उभे राहिले की मागे गाड्यांची रांग लागते. लोक “एक्स्क्यूज मी, अंकल” म्हणत राहतात. काका हलत नाहीत.

माझ्याकडे पोळ्या चालू असल्या तर ते आत येत नाहीत. उंबऱ्यावर उभे राहून बोलतात. कारण विचारलं तर म्हणतात, “हवेत पीठ आहे.” मला मेलीला पुण्यात लहानपणापासून शिकवलेलं की पोळपाट-लाटणं म्हणजे लक्ष्मी, आणि इथे हा माणूस माझ्या लक्ष्मीला बघून नाकाला रुमाल लावतो!

कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला तर त्यांनी नको जीव केला होता. ज्वारीचा डबा घेऊन हे गिरणी उघडायच्या आधी हजर. आधी जातं पुसून घे, मग थोडी ज्वारी दळून ती टाकून दे, मग माझी दळ. टाकून द्यायची ज्वारीसुद्धा हेच न्यायचे, त्यामुळे गिरणीवाल्याला भांडताही येईना. शेवटी एके सकाळी त्यानं हात जोडले. “सार, नीवे मशीन तगोळ्ळि,” म्हणजे साहेब, तुम्हीच मशीन घेऊन टाका. काकांना त्यात अपमान दिसला नाही, सल्ला दिसला. आठवड्याभरात त्यांच्या घरात घरघंटी आली आणि गिरणीवाल्यानं मला फुकट गहू दळून दिले.

दुसरी गंमत मेडिकलच्या दुकानातली. गव्हाला चिकटपणा असतो म्हणून त्याचा ब्रेड फुगतो आणि एकत्र राहतो. ज्वारी, तांदूळ, नाचणी यांना तो नाही, त्यामुळे पिठात इसबगोल घालावं लागतं, तेव्हा कुठे ते एकमेकांना धरतं. काका घरीच ब्रेडची भट्टी लावायचे रोज, त्यामुळे इसबगोलही लागायचं खोकी-खोकी. दुकानदार बिचारा सज्जन. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर आवाज खाली आणून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतका खाली आणून, म्हणाला, “सार, स्वल्प डॉक्टरगे तोरिसि.” जरा डॉक्टरला दाखवून घ्या. तेव्हापासून सोसायटीत काकांच्या पोटाबद्दल लोक हळहळायला लागले.

त्यांचा ब्रेड दर रविवारी पाव हिश्शानं माझ्याकडे यायचा. सुरुवातीचा ब्रेड ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा. मी म्हणायची, “छान झालाय, काका.” त्यावर ते चिडायचे. “छान नको. दोष सांगा.” मग मीही शिऱ्याचा सूड उगवल्यासारखे दोष सांगायची. मधे कच्चा आहे, आंबट आहे, सुरी चालत नाही. ते मान डोलवून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या रविवारी तेवढा दोष गेलेला असायचा. काही वर्षांनी अशी वेळ आली की मला सांगायला दोष मिळेना. खरंच सांगते, त्या ब्रेडवर लोणी लावून खाताना मला रागच यायचा, इतका तो चांगला व्हायला लागला होता.

आता तुम्ही विचाराल, एवढा सगळा खटाटोप त्यांच्या पोटासाठी होता का? नाही. काकांचं पोट दगड पचवेल. खटाटोप होता शलाकासाठी, त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी. तिला गहू खरोखरच चालत नाही, आतडं सुजतं. डॉक्टरांनी शाळेत असतानाच आयुष्यभराची बंदी घातलेली. शलाका राहते कोरमंगलात, म्हणजे ट्रॅफिकनं दया दाखवली तर पाऊण तासावर. महिन्या-दोन महिन्यांनी येते. सोफ्याच्या कडेवर बसते, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिते आणि जाते. वडिलांच्या घरात ती कित्येक वर्षांत काहीही जेवलेली नव्हती. तिनं एकदा आपल्या हातचं जेवावं, एवढंच काकांना हवं होतं. मला ती मुलगी भारी शिष्ट वाटायची. म्हातारा जीव टाकतोय आणि हिचा तोरा बघा, असं मी नवऱ्याला म्हणायची.

मधे आमच्याकडे ‘ग्लूटेन-फ्री’ची साथ आली. योगाच्या ग्रुपमधल्या बायकांना अचानक कळलं की गहू सोडला की वजन उतरतं, कातडी उजळते आणि बहुधा नवराही ऐकायला लागतो. कॅफेमधून सोन्याच्या भावाचे केक यायला लागले. आणि मग कोणाला तरी आठवलं, अरे, आपल्याकडे सबनीस अंकल आहेत! त्यांचं भाषण ठेवलं. क्लब हाउस भरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले.

“गहू सोडल्यानं काय फायदा होतो, अंकल?”

“ज्याला चालतो त्याला? काही नाही. त्यानं खावा. मजेत खावा.”

सभेचे चेहरे पडले. एक बाई म्हणाली, “पण तुम्ही तर कधीच खात नाही!”

“माझ्या घरात चालत नाही,” काका म्हणाले आणि खाली बसले. भाषण संपलं. त्या दिवसापासून बायकांची ती साथही संपली, आणि काका पुन्हा एकटे भट्टी लावायला मोकळे झाले.

खरी गोष्ट मला कळली ती माझ्याच स्वयंपाकघरात. पोळ्या झालेल्या नव्हत्या, म्हणून काका आत आले होते. मी आमटीला फोडणी देत होते. हिंगाची डबी उचलली आणि काका एकदम म्हणाले, “ती द्या.” भिंग काढलं नाही. त्यांना अक्षर वाचायची गरजच नव्हती.

“आपला हा हिंग नुसता हिंग नसतो, सुनीताताई. पीठ घालून बांधलेला असतो. बहुतेक वेळा गव्हाचं पीठ.”

मी म्हटलं, “असेल चिमूटभर.”

“चिमूटभर पुरतं.”

मग ते ओट्याला टेकून बोलत राहिले. शलाकाची आई ती चौथीत असतानाच गेली. स्वयंपाक काकाच करायचे. डॉक्टरांनी बंदी घातली त्या दिवशी त्यांनी घरातला गहू, रवा, मैदा, शेवया सगळं बाहेर काढलं. पण मुलीचं पोट काही थांबेना. वजन उतरतच होतं. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. निरीक्षकाला एवढा धागा पुरला. घरात गहू नाही, म्हणजे बाहेर खाते. बाहेर खाते आणि नाही म्हणते, म्हणजे खोटं बोलते.

“मी तिचं दप्तर तपासायचो. शाळेतून आली की हात हुंगायचो, बिस्किटाचा वास येतो का बघायला. एकदा तिच्या आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला. तिनं ठेवला. ‘नाही खाल्लं, बाबा’ म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. आणि मग तिला ताट वाढलं. वरण-भात. वरणाला फोडणी होती.”

आमटी करपत होती. मी गॅस बंद केला.

बारावी झाली तशी शलाका घर सोडून कोरमंगलातल्या एका पीजीत गेली. खोलीत शेगडी ठेवून स्वतःचं स्वतः शिजवायला लागली आणि बरी झाली. काका सगळ्यांना सांगत सुटले, बघा, आता शिस्त लागली! हिंगाची डबी त्यांनी उलटून पाहिली ती फार उशिरा, दुकानात सहज, रांगेत उभं असताना. तिथूनच त्यांनी तिला फोन लावला. हिंग होता गं, म्हणाले.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मला कधीच कळलंय, बाबा. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, सगळं हिंगावर ढकलून तुम्ही मोकळे झाला असतात.”

बापाची दया यावी की संताप यावा, हेच ठरेना. खरं सांगायचं तर संतापच जास्त आला. आईविना पोर, पोटात कळा, आणि तिचे हात हुंगणारा बाप! त्या दिवशी मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

तरी दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी बोलावलं तेव्हा मी गेले. शलाका दर पाडव्याला वडिलांना ओवाळायला येते. “तुम्ही असलात तर जरा बोलणं होतं,” काका म्हणाले, “नाहीतर आम्ही दोघं पंखा बघत बसतो.”

त्यांनी काय काय केलं होतं! ज्वारीच्या शंकरपाळ्या, ज्या तळताना विरघळतात आणि ज्यांच्या कितीतरी खेपा वाया गेल्या असतील. घरी भाजलेल्या भाजणीच्या चकल्या. अनारसे. मधोमध बदामाचा केक, टम्म फुगलेला. आणि झाकून ठेवलेलं वरण-भाताचं ताट. वरणाला फोडणी नव्हती.

शलाका आली. पस्तिशीची, काकांसारखीच किडकिडीत. तिनं नीट ओवाळलं, पाया पडली. मग काकांनी ताटावरचं झाकण काढलं आणि बाजूला उभे राहिले.

ती म्हणाली, “मी आत बघू?”

“बघ ना!”

ती स्वयंपाकघरात गेली. डबे उघडले, वास घेतले, घरघंटीत बोट फिरवलं, मसाल्याचा डबा उजेडात धरून पाहिला. काका दाराबाहेर हात मागे बांधून उभे होते. कारखान्यात यांच्यासमोर लोक असेच उभे राहत असतील. मला मनातून वाटत होतं, बाई गं, पास कर एकदाचं.

ती बाहेर आली. “सगळं चांगलं आहे, बाबा. माझ्या घरीसुद्धा एवढं स्वच्छ नसतं.”

“मग एक घास?”

ती ताटाजवळ आली. मग म्हणाली, “प्रश्न पोटाचा नाहीये. हे खाऊन मला काही होणार नाही, माहीत आहे मला. पण मला इथे जेवायचं नाही. मला जमत नाही.”

मला वाटलं, आता हा माणूस का म्हणून विचारणार, कशात काय कमी राहिलं ते खोदून काढणार. शलाकाही त्याचीच वाट बघत होती; तिचे खांदे वर आले होते.

“बरं,” काका म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. चपला घालायला तिला फार वेळ लागला. पट्टा लावून झाला तरी ती खाली वाकूनच होती. मग “येते, बाबा” म्हणाली आणि गेली.

दार लागल्यावर मी ताट उचलायला लागले. डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून. मागून त्यांचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं, शाळेत पहिल्यांदा बक्षीस मिळालेलं पोर घरी येऊन सांगतं तसं.

“ती म्हणाली नाही जमत, आणि मी विश्वास ठेवला. लगेच ठेवला, सुनीताताई. काही विचारलंसुद्धा नाही. तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं, काका,” मी म्हटलं.