सोफ्यामागचं टोपण

चौबळ आमच्या घरी आले की आधी सोफ्यामागे वाकायचे आणि मग नमस्कार करायचे.

वाकणंही साधंसुधं नव्हे. चष्मा कपाळावर, एक गुडघा जमिनीवर, तोंड भिंतीकडे. मागून आवाज यायचा, "आहे, आहे. जागेवर आहे." मग उठून गुडघा झटकायचे. "नमस्कार, साठे. वहिनी, चहा अर्धाच हं." हा अर्धा चहा ते दोनदा घ्यायचे.

सोफ्यामागे एका काळ्या तारेचं टोक होतं आणि त्यावर बोटाच्या पेराएवढं धातूचं टोपण. ते टोपण बघायला चौबळ रोज संध्याकाळी येत.

कोपरीत आमच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये ते एकटे राहायचे. कंपनीतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आमच्याकडे त्याचं अप्रूप होतं. चार कॉम्प्युटर एका तारेत ओवलेले. सीडी चालायची फक्त पहिल्यात. त्यामुळे नवी विंडोज घालायची झाली की पहिल्याने सीडी वाचायची आणि बाकीच्यांना तारेतून भरवायचं. चौबळांनी त्यांची नावंच ठेवली होती: थोरला, मधला, धाकटा आणि शेंडेफळ.

शेंडेफळ हट्टी. बाकीचे जेवून मोकळे होत आणि हे निम्म्यात तोंड मिटून बसे. मग चौबळ जिन्यात येरझाऱ्या घालत भेटेल त्याला सांगायचे, "थोरला देतोय, पण शेंडेफळ घेत नाही. कालपासून उपाशी आहे." पोलिओचे डोस द्यायला आलेल्या बाईंनी एकदा हे ऐकलं. त्या सरळ आत घुसल्या आणि पलंगाखाली मूल शोधू लागल्या.

असं काही अडलं की त्यांचं एकच पालुपद: "टोक बघा. आधी टोक बघा." हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ते आमच्या दारात हजर.

"वहिनी, मिक्सर चालू होता का?"

"अहो भावजी, चटणी वाटतेय."

"जरा थांबवा. शेंडेफळाचा घास अडकलाय."

"आणि तुमच्या शेंडेफळापायी आम्ही इडली कोरडी गिळायची होय?"

मिक्सरचा आणि घासाचा संबंध काय, ते त्यांनाही नीट सांगता येत नसे. पण टोपणाचं शास्त्र मात्र ते ठासून सांगत. "साठे, या तारेची दोन्ही टोकं बंद हवीत. एक उघडं राहिलं की आत धावणारी माहिती तिथे आपटते, माघारी फिरते आणि समोरून येणारीला धडकते. मग चौघेही ठप्प!"

"पण ते टोक आमच्याकडे कशाला?"

"शेवटचं टोक यंत्रांपासून लांब असलेलं बरं. शिवाय तुमची भिंत कोरडी आहे."

आम्ही मान डोलावली. भिंतीला भोक त्यांनीच पाडलं, सांडलेला चुरा त्यांनीच झाडला.

आमच्या मुलीला, वर्षाला, बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून मी घराचं रंगकाम काढलं. नेमक्या त्याच आठवड्यात चौबळांच्या क्लासची तपासणी होती. एका संस्थेचे लोक येणार, चारही कॉम्प्युटर नव्या विंडोजवर चालताना बघणार, तरच मान्यता. ती नाही मिळाली तर क्लास बंद करावा लागेल, असं ते चहा पिताना सांगून गेले होते.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी बेल वाजली. चौबळ. घामाघूम.

"साठे, एकालाही काही जात नाहीये. सगळं बदलून बघितलं. फक्त एकदा टोक..."

घरात पोह्यांची गडबड, नव्या रंगाचा वास, सोफा नुकताच जागेवर लावलेला. मी दार अर्धंच उघडलं होतं. म्हणालो, "आज नको हो, चौबळ. आणि रोज रोज काय बघायचं असतं त्या टोपणात?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "खरंय," म्हणाले आणि गेले.

पाहुणे गेल्यावर खिडकी लावताना मला ते टोपण दिसलं. रंगाऱ्याने काढून चौकटीवर ठेवलं होतं. म्हणजे चौबळांचा संशय बरोबर होता. मी ते घेऊन तसाच त्यांच्याकडे धावलो.

तिथे चारही पडद्यांवर विंडोजची निळी पट्टी सरकत होती. शेंडेफळसुद्धा निमूट जेवत होतं. आमच्याकडे येणारी तार चौबळांनी सोडवून खाली टाकली होती आणि टोपण थेट शेंडेफळाच्या पाठीला लावलं होतं. टेबलावर तसल्या टोपणांचा डबाच होता.

"हे टोपण इथे लावायला किती वेळ लागला?" मी विचारलं.

"दोन मिनिटं," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

म्हणजे ती तार आमच्या घरी यायची कधीच गरज नव्हती. हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये आजही सांगतात, मान्यता मिळाली तसा चौबळ शिष्ट झाला, शेजाऱ्यांचा उंबरा चढेना. चौबळ पुढे बदलापूरला भाच्याकडे गेले आणि तिथेच वारले. मी मात्र इतकी वर्षं ही गोष्ट ऐकून घेत आलो. ती खरी नाही. मान्यतेचे पहिले पेढे घेऊन ते आमच्याकडेच आले होते. दारातच उभे राहिले.

"असं काय, भावजी?" ही म्हणाली. "आत या ना."

त्यांनी एकदा सोफ्याकडे पाहिलं. "नको, वहिनी. आता आत काही काम नाही माझं."

ही माझ्याकडे बघत राहिली. काम कशाला लागतं, या, बसा, इतकंच मी म्हणायचं होतं. चौबळही पेढ्यांचा पुडा पुढे धरून क्षणभर थांबले होते.

मी पुडा घेतला आणि म्हणालो, "बरं."