चौदावा आणि पंधरावा पट्टा

लोणटेकच्या झेब्रा क्रॉसिंगला दोन पट्टे कमी होते, म्हणून माझी बायको सिंधू दहा दिवस रस्त्यात उभी होती.

यात नवल वाटून घेण्यासारखं काही नाही. रस्ता पंधरा पट्ट्यांचा आणि पट्टे तेरा. आमच्याकडे ते रंगवत नाहीत. रंग पावसात उडतो, म्हणून नगरपरिषदेनं जाड रबराचे सुटे पट्टे विकत घेतले आणि चारी कोपऱ्यांना खिळे ठोकून बसवले. शेजारी पाटी आहे : ‘पादचाऱ्यांनी पट्ट्यांवरूनच चालावे. पादचारी पट्ट्यावर असताना वाहनांनी थांबावे.’ तेराव्या पट्ट्यावर पोचलेल्या माणसाला पुढे नुसतं डांबर दिसतं.

बाकीचे लोक कसे जातात म्हणाल, तर पळत सुटतात. माझ्या घरात ते चालत नाही. मी याच नगरपरिषदेत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी सिंधूला सांगितलं होतं, की आपल्याकडे एक वेळ मीठ कमी चालेल, नियम कमी चालणार नाही. तिनं ते मनावर घेतलं, हा तिचा दोष नाही.

रस्त्यापलीकडे तिचा धाकटा भाऊ भालचंद्र राहतो. पट्टे बसल्यापासून तोच पळत इकडे यायचा. त्याला चौदा वर्षांनी मूल झालं, मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधू झबली-टोपडी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाली. बाराव्या दिवशी बारसं होतं आणि आत्या ही एकटीच. आमच्यात आत्यानं कानात सांगितल्याशिवाय मुलाला नाव पडत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ते नाव नव्हे, नुसती हाक.

ती तेराव्या पट्ट्यावर थांबली. समोर भालचंद्र हात पुढे करून उभा. दोघांच्या बोटांत एक पुरुषभर अंतर.

“ताई, मार उडी!” तो म्हणाला.

“गाढवा, वय काय माझं?” सिंधू म्हणाली. “आणि पाटी वाच.”

मी इकडून ओरडलो, की मागं फिर. त्यावर तिनं मान हलवून नाही म्हटलं. भाचीचं तोंड बघायला निघालेली आत्या अर्ध्या वाटेतून माघारी येत नसते.

पादचारी पट्ट्यावर असल्यामुळे वाहनं थांबली. सगळ्यांत पुढे एसटी होती, तिचे ड्रायव्हर शिंगटे. मागे उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो, जीपगाड्या. पहिल्या दिवशी शिंगट्यांनी हॉर्न वाजवून पाहिला. दुसऱ्या दिवशी ते खाली उतरून म्हणाले, “मावशी, चला की आता.” सिंधूनं पुढचं डांबर दाखवलं. ते बिचारे परत गेले, एसटीतलं एक सीट उचकटून घेऊन आले आणि पट्ट्यावर मांडून म्हणाले, “बसा. उभं राहून पाय सुजतील.” तिसऱ्या दिवशी रांग साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत गेली. मी दोन्ही वेळेला डबा नेऊन देत होतो. तिनं त्यातली अर्धी भाकरी रोज शिंगट्यांना दिली.

चौथ्या दिवशी मी मुख्याधिकारी वाडदेकर मॅडमना भेटलो. त्यांनी रजिस्टर उघडलं.

“अण्णा, क्रॉसिंग पंधरा पट्ट्यांचं आहे. बिल पंधराचं, मोजमाप पंधराचं, सही आहे. तुमच्या मिसेस पलीकडे पोचल्यात.”

“मॅडम, ती रस्त्यात बसलीय. खिडकीतून दिसेल.”

“पोचल्यानंतर रस्त्यात बसल्या असतील, तर मग ते अतिक्रमण होतं.”

मी उठून आलो. दुसऱ्या दिवशी सिंधूला अतिक्रमणाची नोटीस आली. शिपायानं ती चालत तेराव्या पट्ट्यापर्यंत नेऊन दिली. सिंधूनं पोच सही केली, त्याला एक लाडू दिला आणि नोटीस डब्याखाली घातली, कारण डबा तापलेल्या रबराला चिकटत होता.

त्या संध्याकाळी भालचंद्र पलीकडून म्हणाला, “ताई, वेळ आलीच तर पोरीची मावशी सांगेल कानात. करायचं काय?” आणि माझी सिंधू, जी सासू वारली तेव्हासुद्धा पदर डोळ्याला लावून कामाला लागली होती, ती सगळ्या गाड्यांसमोर ढसाढसा रडली. हे सगळं माझ्या नियमापायी चाललं होतं आणि मला नियम मोडता येत नव्हता. मग तो पुरता वापरायचा, असं मी ठरवलं.

माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत असते, पण जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावं लागतं. मी एकाच ओळीचा अर्ज केला : ‘चौदावा व पंधरावा पट्टा सध्या कुठे आहे?’

वाडदेकर मॅडमनी विचारलं, “यात जीविताचा प्रश्न कुठे आला?”

“एक माणूस जन्माला आलाय आणि बिननावाचा राहणार आहे,” मी म्हणालो. “तुम्हाला हाक मारायला कुणाकडे काही नसतं, तर तुम्ही जिवंत आहात हे कुणाला कळलं असतं?”

त्यांनी विचार केला आणि अर्जावर ‘तातडीचे’ असा शिक्का मारला. बाई वाईट नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

सत्तेचाळीस तासांनी उत्तर आलं. दोन्ही पट्टे वापरात होते. नगराध्यक्ष जालिंदर मुसळे यांच्या दालनात, दारापासून खुर्चीपर्यंत ते बसवलेले होते.

खरं सांगायचं तर ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेले होते. मुसळेसाहेब तीन वर्षं त्या दोन पट्ट्यांवर उभे राहूनच कारभार करत. कुणी प्रश्न घेऊन आलं, की साहेब खुर्चीतून उठून पट्ट्यावर यायचे, आणि पट्ट्यावर माणूस आहे म्हटल्यावर आलेला दारातच थांबायचा. खर्चाचा हिशेब मागायला आलेले नगरसेवकही थांबले होते. मी स्वतः एकदा पेन्शनची फाईल घेऊन चाळीस मिनिटं थांबलो होतो. पण ते पट्टे म्हणजे आपलेच दोन, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नजरेसमोरचं दिसायला कधी कधी सही-शिक्क्याचा कागद लागतो.

बारशाच्या आदल्या दिवशी विशेष सभा लागली. निम्मं गाव रस्त्यात अडकलेलं, म्हणून सभा रस्त्यातच भरवली. नगरसेवक फुटपाथवर, ड्रायव्हर टपांवर, सिंधू तिच्या पट्ट्यावर. एका नगरसेवकानं सुचवलं, की क्रॉसिंगच उखडून टाकावं, म्हणजे बाईही मोकळ्या आणि गाड्याही मोकळ्या.

“आणि मी गाड्यांखाली, असंच ना?” सिंधू म्हणाली. सूचना मागे घेण्यात आली.

मुसळेसाहेब बोलायला उभे राहिले. “मीसुद्धा पादचारीच आहे,” ते म्हणाले. “दारापासून खुर्चीपर्यंत मी पायी जातो. पदावर बसलो म्हणून माझा पायी चालायचा हक्क गेला का?”

यावर सभेत थोडी चुळबूळ झाली, कारण मुद्दा नियमात बसत होता.

“साहेब,” सिंधूनं विचारलं, “तुमच्या दालनात दिवसाला किती गाड्या येतात?”

“दालनात गाडी कशी येईल, वहिनी?”

“मग तिथं तुम्हाला धडकणार कोण?”

शिंगट्यांनी एसटीचा हॉर्न दाबला. त्यांच्यामागे ट्रॅक्टरनं दाबला, मग टेम्पोनं, आणि तो आवाज रांगेतून फाट्यापर्यंत गेला आणि फाट्यावरून परत आला. दोन्ही पट्टे तत्काळ रस्त्यावर आणावेत, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. मुसळेसाहेबांनीही हात वर केला. सभा संपल्यावर ते थेट दालनात गेले आणि चौदाव्या पट्ट्यावर उभे राहिले.

बारशाच्या दिवशी सकाळी ठरावाची प्रत घेऊन आम्ही दारात पोचलो. मी, शिंगटे आणि पहार घेतलेला एक ट्रॅक्टरवाला, हणमंत. साहेब पट्ट्यावर होते. आम्ही थांबलो. दहा वाजले, साडेदहा वाजले. बारशाचा मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा होता. अकराला मी धावतच सिंधूकडे आलो आणि सांगितलं, की संपलं सगळं, साहेब पट्ट्यावरून हलत नाहीत.

सिंधूनं बोट पाटीकडे केलं. “दहा दिवस मला दुसरं काही वाचायला नव्हतं,” ती म्हणाली. “काय लिहिलंय? कुणी थांबावे?”

“वाहनांनी थांबावे.”

“तुम्ही वाहन आहात का?”

“नाही.”

“मग थांबलात कशाला?”

एकतीस वर्षं माझ्या हाताखालून लाखभर कागद गेले, पण इतकं नीट कुणी वाचलेलं मी पाहिलं नाही. तीन वर्षं सगळं गाव त्या दारात उभं राहिलं होतं. मास्तर, वकील, डॉक्टर, आणि त्यातल्या एकालाही चाकं नव्हती!

मी परत गेलो. दारात शिंगटे आणि हणमंत उभेच होते. मी चप्पल काढली नाही, बिचकलो नाही, सरळ आत चालत गेलो आणि पट्ट्यावर साहेबांच्या शेजारी उभा राहिलो.

“अण्णा,” साहेब म्हणाले, “मी पट्ट्यावर आहे.”

“मीपण आहे,” मी म्हणालो. “जरा पाय घ्या, खिळे काढायचेत.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, पहारीकडे पाहिलं आणि खुर्चीत जाऊन बसले. आठ खिळे होते. दारात तोवर पन्नासएक माणसं जमली होती, आणि एकेक करत ती सगळी आत आली. प्रत्येकाच्या हातात तीन वर्षांपूर्वीचा कागद होता. टेबलावर कागदांचा ढीग झाला आणि त्यामागे साहेब दिसेनासे झाले. वाडदेकर मॅडमनी जावक रजिस्टर मागवून स्वतःच्या अक्षरात नोंद केली : ‘झेब्रा पट्टे, नग दोन, रवाना.’ मी त्या नोंदीखाली सही केली. निवृत्तीनंतर त्या रजिस्टरातली ती माझी पहिली सही.

पट्टे आम्ही खांद्यावरून नेले. वाटेत बँडवाल्यांचं दुकान लागतं. ते न सांगता पुढे झाले. हणमंतनं खिळे ठोकले. चौदावा बसला तशी सिंधू उठली. तिनं निऱ्या झटकल्या, डबा काखेत घेतला. पंधरावा बसला.

ती चालली. दोन पावलं होती ती. भालचंद्रनं तिचा हात धरला आणि दोघं बहीणभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून असे रडले, की बँडवाले थांबले. मी मागोमाग पंधरा पट्टे मोजत पलीकडे गेलो. पंधराच होते.

बाराला पाच मिनिटं असताना ती पाळण्याजवळ पोचली. बायकांनी ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ केलं. भालचंद्रनं एका मोठ्या फॅशनेबल नावाची चिठ्ठी पुढे केली होती, ती सिंधूनं वाचली आणि ब्लाउजमध्ये ठेवून दिली. मग ती वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. बायकांनी ‘कुर्रर्र’ करत तिच्या पाठीत धपाटे घातले. दहा दिवस तिनं त्याचीच वाट पाहिली होती. ती प्रत्येक धपाट्याला हसत होती. मी दाराआड तोंड करून रडलो, लपवायचं काय त्यात.

बाहेर रस्ता मोकळा होता, तरी एकही गाडी हलली नव्हती. शिंगटे फाटकाशी येऊन उभे राहिले.

“मावशी, काय ठेवलं नाव?”

“कावेरी,” सिंधू म्हणाली आणि त्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या.

शिंगट्यांनी मागे वळून ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, “कावेरी.” त्यानं टेम्पोवाल्याला सांगितलं. टेम्पोवाल्यानं काच खाली करून मागच्या जीपला. नाव एकेका गाडीतून मागे मागे गेलं, वळणावरून दिसेनासं झालं, आणि बऱ्याच वेळानं कारखान्याच्या फाट्यावरून शेवटच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला. म्हणजे तिथंही पोचलं होतं.

मग गाड्या सुरू झाल्या.