लूकसकाका आणि सहा अंडी

ईदच्या दिवशी दारात आलेला शीरखुर्मा परत पाठवणारा माणूस उभ्या आखाडा बाळापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून राहतो. मी शिलाईकाम करते. इस्त्रीनं हात भाजला तेव्हा लूकसकाकांनी वीस दिवस रोज माझी पट्टी बदलली. हात बरा झाला, ईद आली, म्हणून काजू-बदाम घालून डबा भरून पाठवला. झाकणही न उघडता डबा परत. वर निरोप, "सुलतानाबीला सांगा, मी घेत न्हाई." अस्सा संताप आला! तो अजून गेलेला नाही.

काका एका मिशन दवाखान्यातले जुने ड्रेसर. रिटायर झाले, बायको वारली, आता ओसरीवर बसून गावाच्या जखमा बांधतात, फुकट. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक प्रेशर कुकर. त्या कुकरात पट्ट्यांचं कापड वाफवायचं, बाकी काही नाही. एकदा माझ्याकडचा कुकर बिघडला म्हणून डाळीपुरता मागितला, तर मला असं बघितलं जसं मी त्यांची किडनीच मागितली.

आणि तोंड? तोबा! जखम बांधता बांधता माणसाची सालटी काढतात. "भाजल्यावर दाताची पेस्ट लावून आला? हाताला दात फुटणार हायत काय रे?" "कुत्रं चावलं आन माझ्याकडं काहून आला? पळ सरकारी दवाखान्यात, सुई घे आधी!" पण कुणी जाताना मेथीची जुडी जरी ठेवली, की मग खरा भडका. जुडी रस्त्यावर, आणि माणूस तिच्यामागे.

मग भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट जातं. लाल झग्यातली दोन माणसं, एकाच्या हातात औषधाची डबी, दुसऱ्याच्या हातात चमचा. "हे संत कॉस्मस, हे संत दामियान. जुळे भाऊ. येशूचा धर्म नवा व्हता तव्हाचे डॉक्टर. माणसं बरी करायचे, जनावरं बरी करायचे, पन कोणाकडून एक दाणा घ्यायचे न्हाईत. एक बाई बरी झाली. तिनं देवाची शपथ घालून दामियानच्या हातात तीन अंडी दिली. त्यानं घेतली. कॉस्मस असा भडकला, असा भडकला, म्हणला मेल्यावर मला याच्याशेजारी पुरू नका!" इथं काका मांडीवर थाप मारतात. "बराबर केलं!"

गोष्ट इथंच संपते. भिंतीपलीकडून मी ती इतक्यांदा ऐकली की मशीनवरचा माझा पायसुद्धा त्या थापेच्या तालावर चालतो.

मागच्या उन्हाळ्यात एक बाई रिक्षातून नवऱ्याला घेऊन आली. त्याला शुगर, डाव्या पायाला जखम. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, रोज नीट पट्टी झाली नाही तर पाय काढावा लागेल. बाई म्हणाली, "दादा, बघा ना पाय." काका उठून आत गेले. मला वाटलं हाकलतात. तर हात धुऊन आले आणि खाली बसले. मग त्या बाईकडून मला कळलं की हा काकांचा सख्खा भाऊ, दानियल, आणि वीस वर्षं दोघांत बोलणं नाही.

दोन महिने दानियल रोज यायचा. आणि दोन महिने माझा जीव खाल्ला दोघांनी! मधलं अंतर हातभर, पण बोलायचं माझ्यामार्फत. "सुलतानाबी, त्याला सांगा, पाय खाली सोडू नको." "त्याला सांगा, लई दुखून राहिलं." मी ओरडायचे, "मी काय टेलिफोन हाय का तुमचा? माझे गिऱ्हाईकं बसलेत तिकडं!" तरी जायचे. जखमेत नव्या मांसाची लाली दिसायला लागली होती, ती बघायची सवयच लागली मला.

एक दिवस हट्टा गावचा एक म्हातारा काकडी घेऊन आला. झालं! काकडी रस्त्यावर, बोट तसबिरीवर, गोष्ट सुरू. मांडीवर थाप पडली, "बराबर केलं!", आणि दानियल म्हणाला, "सुलतानाबी, त्याला सांगा, गोष्ट पुरी सांग. उंट राहिला."

"कसला उंट?" मी विचारलं.

काका पट्टी गुंडाळत होते. मान वर केली नाही. मग दानियलच बोलला. "दोघं मेल्यावर लोकं अडून बसले, याला त्याच्याजवळ पुरावं का न्हाई. तव्हा त्यांनी बरा केलेला एक उंट आला, माणसासारखा बोलला. म्हणला, यांना येगळं करू नका." मग म्हणाला, "माझे तं सहा अंडी व्हते. मीबी याच्याच दवाखान्यात व्हतो, पेशंटकडून काही घ्यायची बंदी व्हती. एका म्हातारीनं माझ्या पिशवीत टाकले. यानं तिथल्या मोठ्या सिस्टरला जाऊन सांगितलं. माझी नोकरी गेली."

मी भडकले. भडकू नको तर काय करू? "अंड्यापायी भावाच्या पोटावर पाय दिला? लाज न्हाई वाटली? वर माझा शीरखुर्मा परत करता, संत झालात?" रस्त्यावरची माणसं थांबली, तरी मी थांबले नाही.

काकांनी पट्टीची गाठ मारली. तीनदा मारली, तीनदा सुटली. मग हळू म्हणाले, "सुलतानाबी, आता मी कोणाचं घेतलं, तं याला कशापायी घालवला व्हता?"

मी थांबलेल्या माणसांना हाकललं आणि मशीनवर जाऊन बसले.

पाय वाचला. शेवटच्या दिवशी दानियल चालत आला, काठी न टेकता, आणि रुमालातली सहा अंडी तसबिरीखाली ठेवली. काका लालबुंद. मी दारात पदर खोचून उभी, म्हटलं आज हे अंडे रस्त्यावर फेकले तर काकांनाच फेकते. त्यांनी रुमाल उचलला आणि आत गेले. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, पट्ट्या लावल्या.

काका ताटली घेऊन बाहेर आले. त्या कुकरातली सहा अंडी, वर चिमूटभर मीठ. भावासमोर बसले, एक अंडं सोललं, आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"दान्या, खा. गरम हाय."

मी निरोप द्यायला तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.