आवडाबाईंची औषधांची पिशवी

छातीत जळजळ सुरू झाली की आवडाबाई ओट्यावर येऊन थंड दूध पीत आणि सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, की या घरात कुणाला कुणाची पडलेली नाही. सून मोनिका औषधांच्या दुकानात कामाला होती, रीतसर फार्मसी शिकलेली. डॉक्टरांना दाखवू, असं ती रोज सांगे. आवडाबाईंना मात्र शेजारच्या अख्तरीबीचं पटलं होतं. छावणी भागात एक जडीबुटीवाले गुरुजी बसत. अख्तरीबी महिनाभर त्यांचं साखरेच्या आजारावरचं चूर्ण खात होती आणि तिला एकदम हलकं वाटत होतं.

मोनिकानं अडवलं नाही, हीच पंचाईत झाली. भांडायची तयारी करून बसलेल्या सासूला ती शांतपणे म्हणाली, "जा आई. फक्त चालू असलेली सगळी औषधं दाखवायला न्या. चूर्णात काय आहे, ते तुमच्या बीपीच्या गोळीबरोबर चालतं का, अन् ते कुठं शिकले, एवढं विचारा. आणि कुणी काही सांगो, गोळी बंद करू नका."

अठ्ठावीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला हे असं शिकवणं! आवडाबाईंनी रागाच्या भरात औषधांचा अख्खा खण पिशवीत उपडा केला आणि उस्मानपुऱ्याच्या नाक्यावर अख्तरीबीसोबत रिक्षात बसल्या.

गुरुजींच्या खोलीत पंधराएक माणसं होती. आधी अख्तरीबीचा नंबर लागला. गुरुजींनी नाडी धरली आणि आजपासून साखरेची गोळी पूर्ण बंद, असं फर्मावलं. अख्तरीबीनं आनंदानं मान हलवली. आवडाबाईंच्या मनात काहीतरी टोचलं, पण सुनेचं म्हणणं आठवलं हे कबूल करायला त्या तयार नव्हत्या.

मग त्या उठल्या आणि पिशवीचा तळ फाटला. नातवाचं खोकल्याचं औषध, नवऱ्याचे डोळ्यांत घालायचे थेंब, कानात घालायचं काहीतरी, पिळून पिळून चपटी झालेली मलमं, सगळं खोलीभर पसरलं. लोक वेचू लागले. एका गृहस्थांनी एक मलम चार वर्षांपूर्वीच बाद झाल्याचं मोठ्यानं वाचून दाखवलं. आवडाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुजींना मात्र आयतंच सापडलं. हे सगळं विष पोटात गेल्यावर दुसरं काय होणार, असं त्यांनी बसलेल्यांना समजावलं. डोळे मिटून आवडाबाईंची नाडी पाहिली. ढिगातून नाव कापलेली एक अर्धी पट्टी उचलून त्यांनी सर्वांना दाखवली.

"ही गोळी. सात-आठ वर्षं घेताय ना? नाडीत उतरलीय. हिनंच जठर जाळलं तुमचं."

सगळे हळहळले. आवडाबाईंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"गुरुजी, ही आमच्या कुत्र्याची हाये," त्या म्हणाल्या. "जंताची. अन् त्याचं जठर तर लई चांगलं हाये."

कुणीतरी फिसकन हसलं. घरातल्या जनावराचा दोष माणसाच्या नाडीत येतो, असं काहीतरी गुरुजी सांगू लागले. पण तोवर आवडाबाईंचा अंगणवाडीतला आवाज लागला होता. चूर्णात काय आहे, त्यांनी विचारलं. खानदानी नुस्खा आहे, सांगता येत नाही, असं उत्तर आलं. कुठं शिकलात? हिमालयात.

"मला नका सांगू," आवडाबाई म्हणाल्या, "ह्या अख्तरीबीला सांगा. तिची गोळी तुम्ही बंद केली. उद्या ती चक्कर येऊन पडली, तर आम्ही कुणाकडं पळायचं? हिमालयात?"

मग मलमवाल्या गृहस्थांनीही आपल्या पुडीत काय आहे ते विचारलं. त्यांच्यामागून आणखी दोघींनी विचारलं. सकाळच्या साडेदहालाच गुरुजींची जेवणाची वेळ झाली आणि पडदा ओढला गेला.

परतताना अख्तरीबीनंच रिक्षा रक्त तपासतात तिथं थांबवायला सांगितली. साखर तीनशेच्या वर निघाली. "वेळेवर आलात," तिथले डॉक्टर म्हणाले, आणि अख्तरीबीनं सगळ्यांदेखत आवडाबाईंचा हात घट्ट धरला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला ही हकिकत तोंडपाठ झाली. त्या हकिकतीत सारे प्रश्न आवडाबाईंना स्वतःहून सुचले होते. मोनिकानं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "बरं झालं आई, तुम्हाला सुचलं."

सोमवारी आवडाबाई रीतसर पदवी असलेल्या वैद्यबाईंकडं गेल्या. फक्त स्वतःची गोळी नेली आणि एकूण एक प्रश्न विचारला. वैद्यबाईंनी सगळ्यांची उत्तरं दिली. जळजळीवर ज्येष्ठमध देतात, पण बीपीवाल्यांना ते चालत नाही, म्हणून देणार नाही, असंही सांगितलं. मग रात्रीचा ठेचा आणि दिवसाचे नऊ चहा बंद करायला सांगून, कसलंही औषध न देता त्यांना घरी पाठवलं.

"कशा आहेत वैद्यबाई?" मोनिकानं विचारलं.

"हुशार हाये," आवडाबाई नाखुशीनं म्हणाल्या. "पण एवढं विचारलं नसतं, तर निदान एखादी पुडी तरी मिळाली असती."