चोर्ला घाटासाठी एक पाइप

"वाकवणार म्हणजे वाकवणार! माझ्या हातून वाकला नाही तर तो पाइप कसला?"

शनिवारी सकाळी कृष्णनाथने ही घोषणा चहाच्या कपासमोर केली, कारण ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं.

आता खरं सांगायचं तर गोव्यातल्या मये गावच्या कृष्णनाथइतका भित्रा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात शोधून सापडला नसता. गॅसचं बटण बंद केल्यावर पुन्हा पुन्हा जाऊन बघणार. माडाखालून जाताना डोक्यावर बाजारची पिशवी धरणार. आणि अशा माणसाला देवाने बायको दिली ती संजना! यंदा तिने जुनी उघडी जीप घेतली आणि स्वतःच चालवायला लागली. ब्रेक गाडीत शोभेसाठी देतात, अशी तिची समजूत असावी. तळ्याकडच्या वळणावर ती जीप वळवायची तेव्हा शेजारी बसलेल्या कृष्णनाथला वाटायचं, आता तळंच मांडीवर येतंय!

उद्या रविवारी बेळगावात संजनाच्या भावाच्या, दिनकरच्या, नव्या घराची वास्तुशांत होती. रस्ता चोर्ला घाटाचा. चालवणार संजना!

'जीप उलटली तर?' या एका प्रश्नाने आठवडाभर कृष्णनाथच्या घशाखाली घास उतरत नव्हता. "हळू चालव" म्हणायची तर सोय नाही. म्हणून त्याने उपाय काढला, रोल बार! सीटांच्या मागे पोलादी पाइपची कमान बसवली की गाडी उलटली तरी डोकी शाबूत. वर्कशॉपवाला म्हणाला, महिनाभर थांबा. चोर्ला घाट थोडाच महिनाभर थांबणार होता!

मदतीला शेजारचे सगुणबाब आले. त्यांनी जन्मभर खाणीवर ट्रक चालवलेला. कुठला ट्रक कुठल्या वळणावर कसा उलटला, हे सांगायला लागले की कृष्णनाथला घाम फुटायचा.

"पायप तसोच वाकयलो तर मदीं चेपता," सगुणबाब म्हणाले. "भितर रेंव भरूंक जाय. मागीर तापोवप."

विहिरीशेजारी बांधकामातली वाळू पडून होती. कपडे धुतलेलं पाणी रोज तिच्यात जिरायचं.

"ओली आसा ही रेंव," कृष्णनाथ म्हणाला.

"बरेंच जालें! घट्ट बसतली!"

दोघांनी सळीने ठासून ठासून ती ओली वाळू पाइपमध्ये भरली. मग दोन्ही तोंडांना लाकडी बुचं. एक सगुणबाबांनी ठोकलं आणि "जालें!" म्हणून हात झटकले. दुसरं कृष्णनाथने. ते निसटलं तर, या भीतीने तो ठोकत राहिला, ठोकत राहिला, शेवटी सगुणबाबांनी त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला.

परसात चिऱ्यांवर पाइप आडवा ठेवला. खाली करवंट्यांचे निखारे, त्यांना टेबलफॅनचा वारा. सगुणबाबांच्या बुचाचं तोंड शेडमधल्या जीपकडे. कृष्णनाथच्या बुचाचं तोंड स्वयंपाकघराच्या मागच्या दाराकडे. त्या वेळी यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पाइप लालसर झाला. "पळय, पळय! आतां लोण्यावरी वाकतलो!" सगुणबाब पाइपकडे बोट दाखवत हरखले.

तेवढ्यात पाइपमधून आवाज आला. स्सस्स… बुचाच्या कडेने वाफेची बारीकशी रेघ निघाली.

"सगुणबाब, ही वाफ कसली?"

"रेंव ओली न्हय? उदक तापलें."

"मागीर ही वाफ भायर खंयच्यान सरतली?"

सगुणबाबांनी या बुचाकडे पाहिलं, त्या बुचाकडे पाहिलं, आणि ते तडक फणसाच्या झाडामागे गेले. बघतात तर कृष्णनाथ तिथे आधीच उभा!

शिटी नसलेला कुकर, तोही पोलादी! कुठलं बूच कधी उडेल सांगता येत नव्हतं. आणि फॅन इमानेइतबारे निखारे फुलवतच होता!

"पंखो बंद कर रे!"

"बटण मागल्या दाराकडे आसा…" कृष्णनाथचा आवाज चिरकला. पाइपच्या अगदी तोंडासमोर!

घरात मिक्सर घरघरत होता. संजना आमटीचं वाटण वाटत होती. वाटण संपलं की ती मागच्या दारी येणार, रोजच येते.

"संजनाऽऽ! भायर येवं नाका गोऽऽ!"

मिक्सरपुढे त्याचं कोण ऐकतंय? पुढच्या दाराने जावं तर आतून कडी. तेवढ्यात त्याला सुचलं, फोन! त्याने तिचा नंबर लावला. मिक्सर थांबला. सुटलो, असं त्याला वाटलं.

आणि फोन वाजला… मागच्या दाराबाहेर, सोप्यावर, फॅनच्या बटणाशेजारी चार्जिंगला लावलेला!

"आयलें, आयलें! कोण इतलो गडबडीन फोन करता?"

दार उघडलं. संजना हात पुसत बाहेर आली आणि फोन घ्यायला वाकली. स्सस्सचं आता शूंऽऽ झालं होतं.

पुढे काय झालं ते कृष्णनाथला आजही धड सांगता येत नाही. आपण फणसामागेच होतो, असं त्याला अजून वाटतं. पण त्याचे पाय पळत सुटले होते, आणि तेही पाइपच्या थेट तोंडासमोरून! डोळे मिटलेले, तोंडाने नुसता ओरडा. त्याने संजनाला कवेत घेतलं आणि पाठ पाइपकडे केली.

ढाम्म!

झाडावरचे कावळे उडाले. कृष्णनाथने पाठ चाचपली. भोक नव्हतं!

त्याचं बूच जागचं हललंच नव्हतं. उडालं होतं ते सगुणबाबांचं, आणि जीपची पुढची जाळी फोडून थेट रेडिएटरमध्ये घुसलं होतं. जीपखाली पाण्याचं थारोळं साचत होतं. उलट्या धक्क्याने पाइप मागे सरकून पायरीला टेकला होता. आणि वाकलाय म्हणाल, तर छे! सुतासारखा सरळ!

"पिसें लागलां तुमकां?" संजना किंचाळली. मग तिने पाइप पाहिला, जीप पाहिली आणि नवऱ्याचं पांढरंफटक तोंड पाहिलं.

"म्हज्या हातान मेली आसती गो तूं," कृष्णनाथ म्हणाला, आणि चक्क रडू लागला.

"तुमी भियेवंक ना?"

"भियेलों. खूब भियेलों."

"तरी धांवत आयले?"

त्याने मान हलवली. संजनाने त्याचा हात घट्ट धरला. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. कृष्णनाथला फार बरं वाटलं. आणि जीप मोडली, घाट टळला, हे ध्यानात आल्यावर तर आणखीच बरं वाटलं.

"फाल्यां बशीन वचूंया," तो डोळे पुसत म्हणाला. बस तरी दुसरा कुणी चालवणार होता!

"बशीन? त्या घाटांत? दुसऱ्यान चलयल्यार म्हाका भंय दिसता! म्हजी स्कूटर आसा न्हय? तुमी फाटल्यान बसात."

कृष्णनाथने केविलवाण्या नजरेने सगुणबाबांकडे पाहिलं. "सगुणबाब, स्कूटराक रोल बार बसता?"

सगुणबाबांनी डोकं खाजवलं. "बसता. पूण पायप वाकोवंक जाय."

कृष्णनाथ मुकाट्याने हेल्मेट शोधायला घरात गेला.