त्र्यंबकरावांचं विसर्जन

"अस्थी घरात ठेवत नाहीत," शैलजाबाई पुन्हा म्हणाल्या आणि ऋषीने डबा पुन्हा उचलला.

आधी त्याने तो बाल्कनीत ठेवून पाहिला होता, पण बाल्कनीही घरातच धरतात असं निघालं. मग गावाकडे टांगतात तसा पिशवीत घालून समोरच्या मेपलच्या झाडाला टांगला, तर अर्ध्या तासात अपार्टमेंटच्या मॅनेजरबाई पिशवी घेऊन दारात. पक्ष्यांसाठी खाणं टांगायला इथे मनाई आहे, असं त्यांनी गोड हसून सांगितलं. शेवटी सासरे गाडीच्या डिकीत गेले.

त्र्यंबकराव बायकोला घेऊन लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत ॲन आर्बरला आले होते आणि २००४च्या त्या जानेवारीत सकाळचा चहा पिता पिता गेले. हर्णैचा माणूस. ताज्या मासळीशिवायचं जेवण ते आजाऱ्याचं पथ्य समजत. इथल्या दुकानात फ्रीझरमधले मासे पाहून ते "हे शवागार आहे" म्हणाले होते. जावई पुण्याचा आणि वर शाकाहारी, हे त्यांनी शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं. ऋषीशी ते वाईट वागत नसत. फक्त दवाखान्यात भेटायला गेल्यासारखे त्याच्याशी हळू आवाजात बोलत.

"दहाव्याच्या आत पाण्यात गेल्या पाहिजेत," शैलजाबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही परत जाल तेव्हा हर्णैलाच नेऊ ना."

"तोवर काय डिकीत ठेवणार त्यांना?"

ऋषी गावातल्या नदीवर जाऊन आला. काठाला बर्फ, मध्ये काळं पाणी, आणि त्या पाण्यापर्यंत पोचायचं तर अस्थींच्या मागोमाग आपणही जायचं. तो परत आला. त्याची बायको रेणू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

अशा वेळी त्याला शेजारचा डेल आठवला. डेल निवृत्त दंतवैद्य होता. जन्मभर लोकांच्या दातांना भोकं पाडल्यावर आता तो गोठलेल्या पाण्याला पाडायचा. दर हिवाळ्यात सॅगिनॉ बे या सरोवराच्या खाडीवर जाऊन बर्फाखालचे वॉलआय आणि पर्च हे मासे पकडणं, हा त्याचा एकमेव छंद. ऋषीला तो कधीपासून चल म्हणत होता.

"मला यायचंय," ऋषी म्हणाला. "सासूबाईंनाही."

खरं कारण त्याने सांगितलं नाही. माणसाची राख पाण्यात सोडायला इथे कोणाची परवानगी लागते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि व्हिसावरचा माणूस असले प्रश्न विचारत नाही.

डेलला मात्र गहिवरून आलं. एवढ्या दुःखात ही बाई मासे धरायला येतेय!

शनिवारी सकाळी डेलच्या ट्रकमधून तिघं निघाले. शैलजाबाईंनी साडीवर लेकीचा जाडजूड कोट आणि पायांत जावयाचे बूट चढवले होते. मांडीवर डबा.

"लंच?" डेलने आरशातून विचारलं.

ऋषी खिडकीबाहेर बघत "यस" म्हणाला.

सॅगिनॉ बे म्हणजे नजर पोचेल तिथवर पांढरं मैदान. त्यावर कुठे कुठे छोटे तंबू आणि बादल्या पालथ्या घालून बसलेली माणसं. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. वारा असा, की डोळ्यांतलं पाणी गालावर येईपर्यंत गोठावं.

"हा समुद्र?" शैलजाबाईंनी विचारलं.

"सरोवर आहे. पण शेवटी समुद्राला मिळतं."

"मग चालेल."

डेलने मोठं गिरमिट लावून बर्फात भोकं पाडली. सासूबाईंना एकांत लागतो म्हणून ऋषीने जरा लांब एक वेगळं पाडून घेतलं. डेल आपल्या तंबूत शिरला. घाई करणं भाग होतं. ऋषी गुडघ्यांवर बसला, शैलजाबाईंनी डबा उघडला, काळे तीळ टाकले, सुपरमार्केटमधलं एक फूल ठेवलं आणि हात जोडून पुटपुटू लागल्या. ऋषीने ओतायला सुरुवात केली. निम्मं पाण्यात गेलं. थोडं वाऱ्याने उचलून त्याच्याच जाकिटावर बसवलं. सासरे जिवंतपणी त्याच्या इतक्या जवळ कधी आले नव्हते.

"हे काय टाकतोयस?"

मागे डेल उभा होता, हातात कॉफी घेऊन.

"आमिष," ऋषी म्हणाला. "माशांसाठी. घरगुती."

"अरे, पण ते तर तुमचं जेवण होतं ना?"

"दोन्ही चालतं," ऋषी म्हणाला.

डेलला राहवेना. त्याने आपली छोटी काठी आणून गळ त्याच भोकात सोडला. दोरी खाली पोचते न पोचते तोच झटका बसला. पिवळ्या पट्ट्यांचा पर्च. पुन्हा गळ टाकला, पुन्हा पर्च. सकाळपासून त्या पांढऱ्या मैदानावर कोणाला काही मिळालं नव्हतं, आणि इथे मासे रांग लावून वर येत होते. डेल ओरडायला लागला. आजूबाजूच्या तंबूंतून माणसं बाहेर आली. बघता बघता चार-पाच धिप्पाड गडी भोकाभोवती जमले आणि आत काय चाललंय ते बघायला गुडघे टेकून वाकले.

शैलजाबाईंनी डोळे उघडले. समोर अनोळखी माणसं गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेली.

"ऋषीराव, किती माणसं आली हो ह्यांच्यासाठी! ना ओळख, ना देख!"

"आई, ते तसं नाहीये..."

"आपल्याकडे तरी एवढं कोण येतं!" त्या प्रत्येकाला वाकून नमस्कार करू लागल्या. माणसांनीही गोंधळून माना हलवल्या.

तेवढ्यात डेलच्या काठीने कमान घेतली. दहा मिनिटं झटापट करून त्याने वर काढला तो वॉलआय होता, हाताएवढा लांब, काचेसारखे डोळे असलेला. मग एका दाढीवाल्याने कॉफीचा रिकामा कप पुढे केला.

"एक चमचाभर देशील? पावडर?"

"संपली," ऋषी म्हणाला.

"अजून आहे की," शैलजाबाईंनी हातातला डबा हलवला. माणूस काय मागतोय ते त्यांना बरोब्बर कळलं होतं. "राहू दे ना ऋषीराव. माणसं आपण होऊन आलीत. सगळ्यांच्या हातून थोडं थोडं सोडू दे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा पुढे धरला.

एकेकाने चिमूट घेतली. कोणी बोटांत चोळून पाहिली, कोणी हुंगली.

"मीठ असणार," एक म्हणाला.

"हाडांचं पीठ," दुसरा म्हणाला.

दाढीवाल्याने चिमूट जिभेकडे नेली.

"नो!" ऋषी किंचाळला. "ते माझे सासरे आहेत!"

सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. दाढीवाल्याचं बोट ओठांपासून इंचभरावर थांबलेलं. त्याने ते तसंच हवेत धरलं. जाकिटाला पुसावं की काय करावं, ते त्याला सुचेना. मग त्याने टोपी काढली. त्याच्या मागोमाग इतरांनीही काढल्या. दाढीवाला वाकला, भोकातल्या पाण्यात बोटं बुडवली आणि चिमूट हळूच सोडून दिली. बाकीच्यांनी तेच केलं.

"बघा, कसं नीट केलं," शैलजाबाई म्हणाल्या.

ऋषीने डेलकडे पाहायचं टाळलं. "डेल, आय ॲम सॉरी. मी आधीच..."

डेलने बादली उचलली आणि एकेक पर्च पाण्यात परत सोडू लागला. माणूस ज्यांच्या पोटात गेला असेल ते मासे खायचे कसे! शेवटी त्याने वॉलआय दोन्ही हातांत घेतला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा. तो गुडघ्यांवर बसला.

"अहो, हे काय करताय?" शैलजाबाई एकदम पुढे झाल्या. "ऋषीराव, सांगा त्यांना! एवढा ताजा मासा सोडतायत कशाला?"

"आई, त्यांना वाटतंय की बाबा..."

"वाटायचंय काय! ह्यांनी सोडू दिला असता का हा? मला ओरडले असते!"

ऋषीने घाईघाईने भाषांतर केलं. डेलने मान वर केली, पकड जरा सैल झाली, आणि वॉलआयने शेपटीचा एक फटका मारला. बर्फावरून घसरत तो भोकाच्या काठाशी गेला, क्षणभर तिथे अडला आणि डुबकन आत गेला.

शैलजाबाई भोकाकडे बघत राहिल्या.

"गेला," त्या म्हणाल्या.

मग पालथ्या बादलीवर बसून त्या मोठमोठ्याने रडायला लागल्या. त्र्यंबकराव गेले त्या सकाळी चहाचा कप फुटल्यापासून ऋषीने त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. माणसं टोप्या छातीशी धरून उभी राहिली. डेलने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ऋषी शेजारी बर्फावर बसला आणि त्यांचा गार पडलेला हात हातात घेऊन चोळत राहिला.