कलोसियम सोडून रोम

देशमाने सर जिथं बसतात तिथं रोम काढतात. आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या पार्कात पोरांच्या घसरगुंडीखाली वाळू आहे. पोरं शाळेत गेली की सर काठीनं त्या वाळूत एक वाकडी नदी ओढतात. मग नदीच्या अल्याड-पल्याड गोल, लांबट, चौकोनी अशा बागा. वर बोर्गेझे, पल्याड जानिकुलुमची टेकडी, तिच्याही मागं पाम्फिली, खाली संत्र्यांची बाग. सगळं काढून झालं की काठीवर दोन्ही हात ठेवून आमच्याकडं बघतात. आम्ही म्हणजे इथं परदेशात लेकाकडं नाहीतर लेकीकडं राहायला आलेली म्हातारी माणसं. आम्हाला कुठंच जायचं नसतं, त्यामुळं रोमला जायला कुणाची ना नसते.

एकदा मी विचारलं, "सर, टीव्हीत ते गोल, पडकं, भोकाभोकांचं दाखवतात, ते ह्यात कुठं आलं?"

"कलोसियम? असेल इथंच कुठंतरी," सर म्हणाले. काठी काही हलवली नाही. "त्यात काय बघायचं, गिरणीवाले? दगड आहेत."

मी चौथीनंतर शाळा सोडली. कराडजवळ पिठाची गिरणी चालवली, तिच्यावर लेकाला इंजिनियर केलं, त्यामुळं मास्तर लोकांचा मला धाक नाही. पण हे मास्तर साधे नव्हेत. ह्यांनी आख्खी नोकरी हायस्कुलात इतिहास शिकवण्यात घालवली. रोमच्या राजांत कुणी कुणाला भोसकलं, हे ह्यांना भाऊबंदकीतल्या भांडणासारखं पाठ. आणि असा माणूस रिटायर झाल्यावर बायकोला घेऊन रोमला गेला, आठवडाभर राहिला आणि कलोसियम न बघता परत आला. दळण घेऊन यायचं, गिरणीला हात लावून बघायचा आणि दळण न दळताच घरी जायचं, त्यातला हा प्रकार. हे मी त्यांना तोंडावर बोललो. ते म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं." शिकलेल्या माणसाचं उत्तर संपलं की हेच निघतं.

बरं, बागा तरी कशा सांगाव्यात? दुसरा कुणी असता तर फुलं सांगितली असती, कारंजी सांगितली असती. सर बाकं सांगतात. "आधी बाक बघा, मग बाग," हे त्यांचं ब्रीद.

"बोर्गेझे मोठी आहे. तळं आहे, होड्या आहेत, पुतळे तर पावलोपावली. पण बाकं लांब लांब. मध्येच कुणी दमलं तर?"

"पाम्फिली?"

"सुंदर. पण चढ आहे."

"आणि ती टेकडी?"

"जानिकुलुम. तिथं रोज दुपारी बाराला तोफ उडते. आमची लीला इतकी दचकली की बाक होतं म्हणून बरं. संत्र्यांची बाग मात्र उत्तम. आटोपशीर. कठड्यापाशी उभं राहिलं की सगळं गाव दिसतं. फक्त संत्री खाऊ नका, कडू आहेत."

"तुम्ही खाल्लीत?"

"चाखून बघितलं. पुराव्याशिवाय बोलत नाही मी."

सगळ्यांत वरचा नंबर मात्र ओपिओच्या टेकडीवरल्या बागेचा. ती काढताना काठी वाळूत खोल जायची. तिथं म्हणे पाठ असलेली बाकं आहेत, दोन्ही बाजूंना हात असलेली, उठताना धरायला. हात नसलेलं बाक म्हणजे सर फसवणूक मानतात.

ह्याच कारणावरून त्यांनी इथल्या काउन्सिलला, म्हणजे नगरपालिकेलाही सोडलं नाही. आमच्या पार्कातल्या तळ्याकाठी बदकांकडं तोंड करून एक नवं बाक बसवलं. त्याला ना पाठ, ना हात. सरांनी लेकीकडून फोन करून करून काउन्सिलचा माणूस आणवला. उघड्या गुडघ्यांचा, टोपीवाला, हसरा गडी. सर त्याला बाकावर बसवून उठायला लावत होते. तो विशीतला. ताडकन उठायचा.

"असं ताडकन नाही उठायचं. म्हाताऱ्यासारखं उठ," सर मराठीतच म्हणाले.

"नो वरीज, मेट," गडी म्हणाला.

सर माझ्याकडं वळले. "ह्याला सांगा, काळजी आहे म्हणूनच बोलावलंय." मी सांगितलं नाही. माझं इंग्रजी दुधाच्या बाटलीपुरतं आहे. बाक अजून तसंच आहे आणि सर त्याच्याकडं पाठ करूनच जातात.

सर कसेही असोत, निदान त्यांनी रोम बघितलं तरी म्हणायचं. आमच्याकडची बाकीची माणसं युरोप बघत नाहीत, करतात. "आम्ही इटली केलं," "आम्ही स्विस केलं." गिरणीत येणारी बाई 'ज्वारी केली, आता गहू करते' म्हणायची, तसं. दहा दिवसांत सगळे देश भरडून आणतात आणि मग दिवाळीच्या पार्टीत कुठल्या पुलावर मेथीचे ठेपले उघडले ते वर्षभर ऐकवतात. पिसाच्या मनोऱ्याला हात देऊन उभा नाही असा एक कर्ता पुरुष आमच्या गल्लीत राहिलेला नाही. माझा लेकही त्यात आहे.

अशा लोकांत सरांचा सल्ला घेणारा एकच निघाला, अमेय. आयटीतला पोरगा, नवीन लग्न झालेलं. बायकोला म्हणाला, आपण जरा हटके करू. सरांनी त्याला आठवडाभर वाळूत बसवून बागा पढवल्या. दोघं जाऊन आली. इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात त्यानं फोटो दाखवायला काढले. झाड. बाक. झाड. बायको बाकावर. बाकाशेजारी नळ. लोक शेवटपर्यंत थांबले, की आता येईल, आता येईल. शेवटी अमेयच्या सासूबाई म्हणाल्या, "रोमला गेला होता की दापोलीला?"

अमेय सरांना म्हणाला, "काका, रिस्पेक्ट आहे, पण ती ओपिओची बाग काही विशेष नाही. गवत वाळलेलं. बाकांवर माणसं झोपलेली. आणि समोरच तर कलोसियम. हिला जायचं होतं, पण तुम्ही म्हणालात नुसते दगड आहेत, म्हणून आम्ही बागेतच बसलो."

हॉल हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. सर भातावर वरण घेत म्हणाले, "बाक मिळालं ना? मग झालं."

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण सरांच्या लेकीचं, मंजिरीचं, ऑफिसचं काम निघालं रोमला. तिनं बापाचंही तिकीट काढलं. कलोसियमच्या आत जायचं तिकीटसुद्धा. सर म्हणाले, मी येत नाही.

आधी म्हणाले पाठ दुखते. मग म्हणाले आईजवळ कोण? लीलावहिनींचे गुडघे पूर्वीच गेलेले, आता हृदयाचंही दुखणं. डॉक्टरांनी विमान बंद केलंय. मंजिरीनं नवऱ्याला घरून काम करायला लावलं. आमची ही दिवसा डबा घेऊन बसायला तयार झाली. सर म्हणाले, "बघितलंय मी रोम."

"बाबा, सीरियसली," मंजिरी म्हणाली, "यू टॉट इट ऑल युअर लाइफ. मी कारमध्ये तेच ऐकत मोठी झाले."

"शिकवायला बघावं लागत नाही," सर म्हणाले.

त्या दिवशी मी आमच्या हिच्याबरोबर त्यांच्याकडं डब्याचं ठरवायला गेलो होतो. सर आणि मंजिरी औषधं आणायला दुकानात गेले, तसं लीलावहिनींनी मला जवळ बोलावलं. फार हळू बोलतात. मला खुर्ची ओढून घ्यावी लागली.

"भाऊ, ह्यांना जायला लावा. तुमच्याशी भांडतात, म्हणजे तुमचं ऐकतात."

"ते कुणाचं ऐकतात, वहिनी? त्यांना दगड आवडत नाहीत."

वहिनी थोडं हसल्या. "तिथंच निघालो होतो हो आम्ही. सकाळी ह्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला, लग्नाला निघाल्यासारखे. मी टॅक्सीतून उतरले आणि माझा गुडघा धरला. पाऊल उचलेना. पुढं ही रांग, आत नुसत्या पायऱ्या. मी म्हटलं, मला इथं बसवा, तुम्ही जाऊन या. परक्या गावात मला एकटीला सोडायला तयार होईनात. म्हणाले, हे बघ, केवढी छान बाग आहे, मला इथंच यायचं होतं. एक बाक बघितलं, मला बसवलं. स्वतः त्या कलोसियमकडं पाठ करून बसले. संध्याकाळपर्यंत मला झाडं दाखवत होते. मी इकडं-तिकडं बघायला लागले की हळूच मान मागं वळायची. मी बघितलं की परत झाडाकडं."

मी खुर्ची आणखी जवळ ओढली.

"दुसऱ्या दिवशीही जायला तयार नाहीत. मग रोज बागा. मला वाईट वाटू नये म्हणून इथं येऊन सगळ्यांना बागाच सांगत सुटले. त्यांना वाटतं मला ते पटलंय. पण भाऊ, ते बाग म्हणाले की मला ऐकू येतं, हिच्यामुळं राहिलं. ते तेवढं एक माझ्या जिवाला लागून आहे. त्यांनी ते बघितलं पाहिजे. आणि मला ठाऊक आहे हे त्यांना कळता कामा नये."

आता मला सांगा, हे काम गिरणीवाल्याचं आहे का? नवरा-बायको एकमेकांशी गोड खोटं बोलतात आणि मधल्या माणसानं दोन्हीकडचं झाकायचं. पण मी हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर वाळूत नदी ओढत होते. बाकीचे अजून यायचे होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही घाबरता."

"कशाला?"

"दगडांना. जन्मभर पोरांना सांगितलं केवढं थोर आहे. जाऊन बघितलं आणि फुसकं निघालं तर? म्हणून जात नाही तुम्ही."

असा डिवचला की माणूस उठतो, हा माझा अनुभव. गिऱ्हाइकाला म्हणायचं, तुम्हाला बारीक दळण झेपायचं नाही. पण सर उठले नाहीत. त्यांनी काठी आडवी मांडीवर घेतली.

"फुसकं निघालं तर बरंच आहे हो," सर म्हणाले. "पण ते तसं निघायचं नाही. मी जाऊन आलो, आणि ते शिकवलं होतं त्याहून थोर निघालं, तर घरी येऊन लीलाला काय सांगू? तिच्यासमोर उभा राहिलो की ती ओळखणार. म्हणणार, म्हणजे त्या वेळी माझ्यामुळं राहिलं. तिच्या डोक्यात हे यायलाच नको म्हणून तर इतकी वर्षं ह्या बागा राखल्यात. आता ह्या वयात सगळ्या एकदम उपटून टाकू?"

तळ्यावर बदकं भांडत होती. मला वहिनींचं सगळं सांगून टाकावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण शब्द म्हणजे शब्द.

मी म्हटलं, "सर, तुम्ही न बघता सांगता दगड आहेत. जाऊन बघा आणि तेच सांगा. दगड आहेत. खोटं तेच, नुसतं बघून बोललेलं. तुम्हीच म्हणता ना, पुराव्याशिवाय बोलू नये?"

सरांनी मांडीवरची काठी उचलून वाळूत रोवली. म्हणाले, "तुम्ही शिकला असता तर वकील झाला असता."

"नशीब, नाही शिकलो."

सर गेले. जाताना विमानतळावरून मला फोन, की आमच्या पार्कातल्या नव्या बाकाचा पाठपुरावा करा.

नंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी आमच्या हिला आणायला त्यांच्याकडं गेलो, तेव्हा वहिनींचा फोन वाजला. व्हिडिओवर सर होते. तिथं सकाळ. मागं झाडं, खाली वाळलेलं गवत. सर बाकावर बसलेले दिसत होते.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं. आवाज इतका बसलेला की मला वाटलं फोन बिघडला.

"जेवले. सर्दी झाली का?"

"हवा गार आहे."

"काल गेला होतात का त्या कलोसियमला?"

"गेलो होतो. मंजिरीनं तिकीट काढलं होतं, वाया कशाला घालवायचं." सर खाकरले. "नुसती गर्दी. पडझड झालेली आहे. बसायला एक धड जागा नाही. ही बाग बरी."

"मी म्हटलंच होतं," वहिनी म्हणाल्या. "आपली बाग बरी."

"हो. तुझं बरोबर होतं."

तेवढ्यात मंजिरीचं तोंड फोनमध्ये आलं. "आई, बाबांनी काल..." पण सरांनी फोन ओढून घेतला आणि गोळ्या घेतल्या का, हे विचारायला लागले. वहिनींनी सगळ्या गोळ्यांची नावं सांगितली. फोन बंद झाला.

वहिनी फोन मांडीवर धरून बसून राहिल्या. आमची ही स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

"बघितलं हो त्यांनी," वहिनी मला म्हणाल्या. "पोटभर बघितलं. आवाज ऐकलात ना? शाळेत सलग तास घेतले की संध्याकाळी असाच बसायचा. काल दिवसभर तिथं पोरीला शिकवत हिंडले असणार. पोरीला कसलं, सगळ्या रांगेला."

त्यांनी पदरानं फोनची काच पुसली. मग म्हणाल्या, "भाऊ, आता परत आले की बागांचंच सांगतील. मध्ये बोलू नका. ऐकून घ्या."

मी जन्मात कुणाचं मुकाट ऐकून घेतलेलं नाही. म्हटलं, "घेतो, वहिनी."